कंपनीचा का लोकल

रेवणसिद्धनं जुना फिल्टर काढला
आणि गॅरेजच्या पायरीवर आपटला दोनदा.
पायरीवर माझं वर्ष पडलं:
होटगी रोडची राखाडी भुकटी,
मार्केट यार्डातल्या कांद्याची सालपटं, बारीक, जांभळी,
आणि बाकी सगळा कापूस.
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून रोज दोनदा जातो मी,
तिथं हवाच टॉवेलची असते.

"ह्यो मेला," तो म्हणाला. "इंजिन धूळ खायलंय,
म्हणून पेट्रोल प्यायलंय. कुठला टाकू?"

काउंटरवर तीन मांडले त्यानं.
कंपनीचा, तीनशे ऐंशी, डब्यात.
लोकल, एकशेदहा, नुसत्या पिशवीत.
तिसरा लाल, जाळीचा, धुऊन वापरायचा,
कॉलेजची पोरं बसवतात तो.
"ह्यानं गाडी भुंकती. पळत नाही."
तो त्यानंच उचलून परत फळीवर ठेवला.

राहिले दोन.
वीस वर्षं माग चालवला मी.
कापडासारखं काही हातात आलं
की डोळे आपोआप बारीक होतात.
दोन्ही उजेडाला धरले, चुण्या मोजल्या.
कंपनीच्या त्रेसष्ट, लोकलच्या एकेचाळीस.
निऱ्या कमी आल्या की लुगडं चालताना फाकतं,
हे येमूलांच्या घरात कुणी सांगावं लागत नाही.
लोकलच्या कडेचं रबर अंगठ्यानं दाबलं.
ते दबलं, आणि दबलेलंच राहिलं.
केसाएवढी फट.

"केसानं काय होतंय, बे?"
"केसानं काय नाही. पिस्टनला विचारा."

"आणि हा कंपनीचाच, कशावरून?"
त्यानं डबा तिरपा केला.
चांदीची अक्षरं हिरवी झाली, परत चांदीची.

अक्षरांचं मला सांगू नका.
माझ्या घरी माळ्यावर अक्षरांचं अख्खं पोतं आहे.
लाल धाग्यात विणलेलं, सोनेरी काठ, अस्सल सोलापुरी.
चादरी ट्रकनं येतात, लांबून, अंधार पडल्यावर,
हलक्या, दोन धुण्यांत अंग टाकणाऱ्या.
माग भंगारात घातला त्या दिवाळीनंतर सुरू केलं हे.
एका लेबलामागं साठ पैसे.
लेबल शिवलं की चादर सोलापूरची होते,
तिला आधी कुठलं गाव होतं
ते मीही विचारत नाही.

"तुझ्या गाडीत कुठला टाकलायस?"
"माझी सायकल हाय."

मग मी वेड्यासारखं केलं.
फिल्टर तोंडाला लावून श्वास ओढला, भर दुपारी,
समोर पंक्चरवाला बघत असताना.
लोकलमधून हवा आली सरळ, भरपूर,
दार उघडं टाकल्यासारखी.
कंपनीच्यातून आली जरा थांबून,
विचारपूस होऊन आल्यासारखी.
"बसव हाच," म्हणालो.

तीनशे साठ होते खिशात. वीस राहिले.
किक मारली. आवाज बदलला नाही फारसा,
फक्त चढाला ती खोकली नाही.
तीनशे ऐंशी भागिले साठ पैसे,
सहाशे तेहतीस लेबलं आणि वर थोडी.
सात रस्त्यापर्यंत शिवत गेलो मनातल्या मनात.
पुढं सिग्नल सुटला, हिशेब तुटला.

रात्री मशीनवर बसलो. ट्रक येऊन गेला होता.
चौथ्या का पाचव्या चादरीला
लेबल तिरकं बसलं, अर्ध्या बोटानं.
कुणाला दिसलं नसतं.
उसवलं.
परत शिवलं, सरळ.